पाणी दिलेल्या भागांना ब्लू करायचं असेल तर आधी उष्णतेचा हिशोब

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरात पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ईशापूरची जुनी .३१५ रायफल आहे. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा केली, परत आली ती गंज घेऊनच. नळीवर बाटलीतलं कोल्ड ब्लू, म्हणजे न तापवता पोलादाला काळा-निळा रंग देणारं द्रावण, बऱ्यापैकी बसलं. पण ट्रिगर, कॉकिंग पीस (स्ट्रायकरच्या, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या दांड्याच्या, मागच्या टोकाचा भाग), त्याला ट्रिगर ओढेपर्यंत अडवून धरणारा सिअर आणि काही स्क्रूंवर तेच ब्लू तांबूस, डागाडागांचं उतरतंय. कुणीतरी सांगितलं, गॅसवर निळं होईपर्यंत तापवा आणि तेलात टाका. ट्रिगरला तसं केलं, रंग झकास आला. आता सिअर आणि कॉकिंग पीसलाही तेच करू का? आणि खड्ड्यांतला गंज ऍसिडमध्ये बुडवून काढू का?

दोन्हींना उत्तर 'नको' असंच आहे. सिअरला तर अजिबात नको.

सुरुवातीला कायद्याचं बोलून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. १९५९ च्या आर्म्स ऍक्टमध्ये बंदुकीच्या व्याख्येत तिचे सुटे भागही येतात. दुरुस्तीसाठी कलम ५ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना असला म्हणून दुरुस्ती करता येत नाही. त्यामुळे सिअर खिशात घालून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या ब्लॅकनिंगवाल्याकडे देऊन आलो, असं चालणार नाही. काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या बंदूक कारागिराच्याच बाकावर व्हायला हवं. त्याला काय करा म्हणायचं, काय करू नका म्हणायचं आणि हातात परत आलेला भाग कसा तपासून घ्यायचा, हे तुम्हाला कळावं म्हणून पुढचं लिहितोय.

आता मूळ अडचण. तुम्हाला ती रंगाची वाटतेय, पण ती कडकपणाची आहे. नळीचं पोलाद तुलनेनं मऊ असतं. सिअर, कॉकिंग पीस, ट्रिगर, बोल्ट हेड (बोल्ट म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) हे भाग एकमेकांवर घासतात किंवा धक्का सोसतात, म्हणून त्यांना पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून, विझवून कडक केलेलं असतं. पाणी उतरणं म्हणजे हा कडकपणा जाणं. जुन्या रायफलींत यातले बरेच भाग कमी कार्बनच्या पोलादाचे असून वरचा पातळ थर तेवढा कार्बन मुरवून कडक केलेला असतो, म्हणजे केस हार्डनिंग. आतला गाभा चिवट राहतो, वरची कातडी काचेसारखी कडक होते. ही कातडी मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच. कोल्ड ब्लूचं द्रावण पोलादाला किंचित खाऊनच बसतं. गुळगुळीत, कडक पृष्ठभागाला ते नीट खाऊ शकत नाही, आणि द्रावणातलं तांबं आधी वर येऊन बसतं. तुम्हाला दिसतोय तो तांबूसपणा हाच. बाटली खराब निघाली असं समजू नका.

गॅसवरचा निळा रंग ही वेगळीच गोष्ट आहे. घासून चकचकीत केलेलं पोलाद तापवलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे वर अतिपातळ थर येतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. साधारण २०५ ते २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, २४० च्या आसपास गडद पिवळा, २७० ते २८० ला जांभळा, २९० ते ३०० ला गडद निळा, ३१० ते ३२० ला फिकट निळा आणि त्यापुढे राखाडी. लोहार छिन्नीचं पाणी उतरवताना हेच रंग बघतो. म्हणजे निळा रंग आला याचा अर्थच असा की भाग ३०० अंशांच्या घरात जाऊन आला. केस हार्डनिंगची जी कातडी रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ६२-६३ होती, ती तिथं ५५ च्या आसपास उतरते. तेलात टाकल्यानं उतरलेला कडकपणा परत येत नाही. तो परत यायला भाग लालबुंद होण्याइतका, म्हणजे ८०० अंशांच्या घरात तापवून विझवावा लागतो. इथं तेल फक्त पुढचं तापणं थांबवतं.

५५ म्हणजे काही मऊ नव्हे, मग बिघडलं कुठं? बिघडतं ते गॅसच्या ज्योतीमुळे. सिअर हातात घेऊन बघा. मागचं अंग जाड असतं आणि कॉकिंग पीसला अडवणारं नाक पातळ. ज्योतीवर नाक आधी तापतं. जाड अंगावर सुंदर निळा येईपर्यंत नाक निळा ओलांडून राखाडी झालेलं असतं, कदाचित ४०० च्या पुढेही गेलेलं असतं. आपण रंग बघतो तो रुंद बाजूवरचा, आणि पाणी उतरतं ते नेमकं काम करणाऱ्या कडेचं. शिवाय रंग म्हणजे थर्मामीटर नव्हे. भाग जास्त वेळ तापत ठेवला तर तोच रंग कमी अंशांवरही येतो.

ट्रिगरचं काय करायचं, हे त्याचं काम काय यावर ठरतं. या रायफलीची रचना ली-एनफिल्डच्या धाटणीची आहे. ट्रिगर स्वतः कॉकिंग पीसला अडवत नाही. त्याच्या माथ्यावरचे दोन उंचवटे सिअरला ढकलतात. पहिल्या उंचवट्यानं पहिला हलका ताण येतो, दुसऱ्यानं सुटण्याआधीचा जड ताण. म्हणून ट्रिगर थोडा मऊ झाला तर तातडीचा धोका कमी, पण उंचवटे लवकर झिजतात आणि दोन ताणांतला फरक हळूहळू पुसट होतो. सिअरचं तसं नाही. ताणलेल्या स्प्रिंगसह स्ट्रायकर आणि कॉकिंग पीस मागं धरून ठेवते ती फक्त सिअरच्या नाकाची कड. ती कड चेपली किंवा गोल झाली तर बोल्ट जोरात बंद करताना किंवा दस्ता आपटल्यावर रायफल आपोआप सुटू शकते. म्हणून ट्रिगरची तपासणी करून घ्या, आणि सिअर व कॉकिंग पीसजवळ ज्योत नेऊच नका.

तपासणीची साधी रीत कानशीची. बारीक नवी स्विस कानस घ्यायची आणि काम न करणाऱ्या कोपऱ्यावर, बाहेरून न दिसणाऱ्या जागी, हलकेच ओढायची. कानस घसरून निघून गेली तर पृष्ठभाग ५८-६० किंवा वर आहे. किंचित धरली पण भुकटी पडली नाही तर पन्नाशीच्या आसपास. सहज कापत गेली तर चाळिशीखाली, आणि असा भाग ट्रिगर किंवा सिअर म्हणून ठेवू नये. काम करणाऱ्या कडांवर कानस कधीच लावायची नाही. एका ओढीत कोन बदलतो. कारागिराकडे रॉकवेल मशीन असेल तर त्याला आठवण करा की १५० किलोचा सी-स्केल भार पातळ केसला चालत नाही. टोक कातडी भेदून मऊ गाभ्यात जातं आणि आकडा उगाच कमी दिसतो. अशा भागाला हलक्या भाराचं सुपरफिशियल रॉकवेल किंवा विकर्स माप घ्यावं लागतं. चांगला भाग अशा चुकीच्या आकड्यामुळे बाद ठरतो आणि त्या जागी बाजारातला कुठला तरी मऊ भाग बसतो, हे टाळा.

आता गंज. ऍसिडमध्ये बुडवल्यावर पोलादातून हायड्रोजन निघतो आणि त्यातला काही आत शिरतो. मऊ पोलादाला त्याचं फारसं काही होत नाही. रॉकवेल ४० च्या वरच्या पोलादात मात्र तो ठिसूळपणा आणतो, आणि स्प्रिंग किंवा सिअर नंतर कधीतरी, वर काहीच न दिसता, ताणाखाली तडकतो. संडास साफ करायच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ऍसिडच असतं. ती तर दुरूनही नको. बॅटरी चार्जर लावून सोड्याच्या पाण्यात गंज सोडवण्याची पद्धत नळीला ठीक आहे, पण त्यातही भाग ऋण टोकाला असतो आणि हायड्रोजन तिथंच निघतो, म्हणून कडक भागांना तीही वर्ज्य. कुणी आधीच ऍसिडमध्ये बुडवलं असेल तर चार तासांच्या आत भाग १९० ते २०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून निदान चार तास, जमल्यास रात्रभर भाजावा. तेवढ्या उष्णतेनं कडकपणात म्हणण्यासारखा फरक पडत नाही आणि हायड्रोजन बाहेर पडतो. घरगुती ओव्हनचा काटा वीस-वीस अंश इकडेतिकडे दाखवतो, तेव्हा आत वेगळा थर्मामीटर हवाच.

गंज काढायची माझी पसंतीची रीत सोपी आहे. पातळ तेलात एक-दोन दिवस भिजवायचं, मग ०००० नंबरची स्टील वुल आणि पितळी ब्रश. खड्ड्यांत बसलेला काळा गंज टोकदार पितळी काडीनं उकरायचा. खोल खड्डे राहिले तर राहू द्यायचे. केस हार्डनिंगच्या भागावरचा खड्डा घासून सपाट करायला गेलं की कातडीच संपते आणि खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. जुन्या रायफलीवर चार खड्डे दिसले म्हणून काही बिघडत नाही.

पॉलिश हातानंच. २२० चा एमरी पेपर गंजाच्या जागीच, मग ३२०, आणि तिथंच थांबायचं. फार तर ४००. पेपरामागं सपाट लाकूड किंवा कडक रबर धरायचं. बफिंग मशीनवर स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या दबतात आणि सरळ धारा गोल होतात. ते नंतर कुठल्याही रंगानं झाकत नाही. सिअरचं नाक, कॉकिंग पीसची पकड आणि ट्रिगरचे उंचवटे या तिन्ही जागांना पेपर लावायचाच नाही, तिथं नुसतं पुसायचं. नंबर आणि प्रूफचे (चाचणी झाल्याचे) शिक्के यांच्यावरूनही पेपर फिरवू नका. नंबर किंवा ओळखखूण मिटवणं हा कलम ८ खाली गुन्हा आहे, आणि फिकट झालेला नंबर परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी उगाच शंका निर्माण करतो.

रंगासाठी माझं मत स्पष्ट आहे: कडक भागांना रस्ट ब्लू, म्हणजे सावकाश गंज चढवून तो पाण्यात उकळून काळा करायची जुनी पद्धत. कारण एकच. या पद्धतीत भाग उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे इथं पाणी शंभराला नव्हे तर साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. तेवढ्यानं कुठल्याही भागाचं पाणी उतरत नाही, आणि लाल गंजाचा काळा मॅग्नेटाइट व्हायला ती उष्णता पुरते. (ओव्हनचा थर्मामीटर याच पाण्यात तपासून घ्या, तिथं तो शंभर दाखवत असेल तर दोन-अडीच अंश जास्त दाखवतो.)

क्रम असा. भाग ऍसिटोननं दोनदा पुसायचा. थिनर नको, त्याचा चिकट अंश मागं राहतो. मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात दहा मिनिटं उकळून स्वच्छ पाण्यातून काढायचा. पाण्याची फिल्म सलग राहिली तर तेल गेलं. पाणी थेंब-थेंब होऊन फाटलं तर पुन्हा धुवायचं. इथून पुढं उघड्या बोटांनी शिवायचं नाही. रस्टिंगचं तयार द्रावण कापसाच्या जवळपास कोरड्या बोळ्यानं, एकाच दिशेनं, एकदाच फिरवायचं. ओघळ आला की तिथं खड्डा पडतो. मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून झटपट गंज आणायची युक्ती या भागांना वापरू नये. त्यानं गंज बारीक न येता टोचल्यासारखा येतो आणि मिठाचा अंश आत राहतो.

मग ओलसर हवेत टांगायचं. जांबोटी-कणकुंबीकडं जुलै-ऑगस्टमध्ये काहीच करावं लागत नाही. आडोशाला टांगलं की तीन-चार तासांत बारीक नारिंगी थर येतो. अथणी-चिकोडीच्या बाजूला मार्चमध्ये मात्र थर्माकोलच्या पेटीत ओला टॉवेल आणि ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा ठेवावा लागतो; एलईडी उपयोगाचा नाही, त्याला ऊब नसते. थर मखमलीसारखा सारखा हवा. पापुद्रे धरेपर्यंत थांबायचं नाही.

आता भाग स्टीलच्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटं उकळायचा. पाणी डिस्टिल्ड, म्हणजे पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं ते. बोअरच्या पाण्यात उकळलं तर क्षाराचे पांढरे डाग थरातच अडकतात. बाहेर काढल्यावर नारिंगीचा काळा झालेला असतो. तो ०००० च्या स्टील वुलनं हलकेच झाडायचा. नव्या वुलवर तेल असतं, ते आधी ऍसिटोनमध्ये धुऊन काढायचं. सुटी काजळी निघून जाते आणि खाली राखाडी, धरून बसलेला थर राहतो. पहिल्या फेरीत कडक भाग जेमतेम करडा दिसतो, तेव्हा निराश होऊ नका. मऊ पोलादाला चार-पाच फेऱ्या पुरतात, पाणी दिलेल्याला सहा ते आठ लागतात. शेवटच्या फेरीनंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात एकदा उकळायचं, म्हणजे द्रावणाचा अंश मरतो. गरम असतानाच तेल लावून एक दिवस ठेवायचं. रंगाची खोली त्या तेलानंतरच दिसते.

नुसतं टच-अप करायचं असेल तर कोल्ड ब्लूही बसवता येतं. सफाई वरच्यासारखीच. त्यानंतर पांढरा व्हिनेगर कापसानं मिनिटभर पुसायचा, बुडवायचं नाही. लगेच धुऊन भाग हाताला सोसेल-न सोसेल इतका, पन्नास-साठ अंश, गरम करायचा. ब्लू लावून अर्धा ते एक मिनिट थांबायचं, धुवायचं, वुलनं झाडायचं, आणि हे चार-पाच वेळा. तांबूस झाक आली तर वरून आणखी चढवू नका. ३२० नं उतरवून पुन्हा सुरुवात करा. पेंटच्या दुकानातलं रस्ट कन्व्हर्टर आधी लावलं असेल तर त्याचा राखाडी फॉस्फेट थर पूर्ण काढल्याशिवाय ब्लू धरणारच नाही, आणि डाग पडण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. कोल्ड ब्लूच्या द्रावणात बहुधा सेलेनियमची विषारी संयुगं असतात: हातमोजे, मोकळी हवा, आणि स्वयंपाकघरापासून लांब.

कॉस्टिकचं गरम ब्लूइंग, म्हणजे आपल्याकडे ज्याला ब्लॅकनिंग म्हणतात, १३५ ते १५० अंशांवर चालतं. त्यानंही पाणी उतरत नाही, पण कडक आणि मिश्र पोलादाला बाथ नेहमीपेक्षा थोडा जास्त तापलेला लागतो, नाहीतर भाग जांभळट-लालसर निघतो. कारागिराकडे अशी सोय असेल तर तेवढं सांगा. आंधळ्या भोकांत आणि आट्यांत राहिलेलं कॉस्टिक काही आठवड्यांनी पांढऱ्या भुकटीसारखं बाहेर येतं, म्हणून शेवटी साध्या पाण्यात नीट उकळून घ्यायला हवं. घरी हे करू नये. उकळत्या कॉस्टिकमध्ये पाणी पडलं की ते अंगावर उसळतं. कुणाकडे दुनळी बारा बोअर असेल तर तिच्या नळ्या यात कधीच घालू नका. दोन नळ्यांमधली पट्टी शिशा-कथलाच्या डाकानं बसवलेली असते आणि कॉस्टिक तो डाक खातं.

तापवून निळं करण्याची जागा आहे ती फक्त स्क्रूंना आणि पिनांना. तिथं ३०० अंशांनी बिघडत तर नाहीच, उलट स्क्रूचा माथा चिवट होतो आणि खाच तुटत नाही. ज्योत थेट लावायची नाही. लोखंडी तव्यात पितळेचा कीस किंवा कोरडी वाळू घालून त्यात स्क्रू उभा रोवायचा आणि खालून मंद आच द्यायची. पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग माथ्यावर सरकत येतात. गडद निळा दिसताच तेलात. हा थर अगदी पातळ असतो, गंजापासून तो फारसा वाचवत नाही, म्हणून तेल कायम हवं. सिअर आणि मॅगझिन कॅच या दोघांना ताण देणारी चपटी स्प्रिंग आणि स्ट्रायकरची गुंडाळी स्प्रिंग यांना कुठलाच रंग देऊ नका. पुसून तेल लावा, पुरे. बोल्टही पांढराच, म्हणजे बिनरंगाचाच शोभतो.

जोडणी झाल्यावर कारागिराकडून तुमच्या समोर एवढं करून घ्या. रायफल रिकामी, चेंबर डोळ्यांनी बघून खात्री केलेली. बोल्ट दहा वेळा जोरात बंद करायचा. कॉकिंग पीस एकदाही सुटता कामा नये. मग कॉक केलेल्या स्थितीत दस्त्याच्या तळाला रबरी हातोडीचे ठोके. त्यानंतर ट्रिगरचे दोन ताण वेगवेगळे लागतात का बघायचं. यात कुठंही शंका आली तर सिअर, कॉकिंग पीस आणि ट्रिगर तिन्ही एकत्र जुळवून बसवावे लागतील. एकच भाग बदलून चालत नाही, कारण त्यांच्या कडा एकमेकांना घासून बसलेल्या असतात. तोपर्यंत त्या रायफलीत काडतूस भरू नका, रानडुकरं उसात शिरली तरीही.

आणि पुढच्या निवडणुकीत ठाण्यात जमा करायची वेळ आली की आधी नळीत आणि सगळ्या पोलादी भागांवर तेलाऐवजी ग्रीसचा पातळ हात द्या. कापडी किंवा चामडी खोळीत ठेवू नका. ती दमटपणा धरून ठेवते आणि गंज तिथूनच सुरू होतो. परत मिळाल्यावर नळीतलं ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय वापरायची नाही.